विदर्भात वादळ पाहायला निघायचंय? आधी हे वाचून घ्या

मार्च लागला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एक कास्तकाराचा, "भाऊ, आज गारा हायेत का?" आणि दुसरा नव्यानं हौस लागलेल्या पोरांचा, "भाऊ, आज कुठं जायचं, काय दिसेल?" पहिल्याला उत्तर देताना मी दहादा विचार करतो. दुसऱ्यांना दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

बहुतेकांना ही हौस अमेरिकेतले व्हिडिओ पाहून लागते. तिकडं डेव्हिड होडली नावाच्या माणसानं १९५६ मध्ये वादळांच्या मागे गाडी घेऊन फिरायला सुरुवात केली आणि आता तो तिकडं मोठा छंदच झालाय. पण तिकडं सपाट मैदान आहे, चौकोनी आखलेले रस्ते आहेत, एक रस्ता बंद झाला तर पुढचा मिळतो. आपल्याकडं वादळ ताशी ३०-४० किलोमीटरनं वावरावरून सरळ जातं आणि आपण नाल्याला वळसा घालून, फाटकाशी थांबून, बैलबंडीच्या मागं मागं. त्यामुळं पाठलाग वगैरे विसरा. ते कुठून येणार याचा अंदाज बांधायचा आणि त्याच्या आधी चांगल्या जागी जाऊन बसायचं, एवढंच आपलं काम. आणि जागा निवडताना क्रम असा: आधी रस्ता, मग आसरा, मग ढग. हा क्रम उलटा केला की फसलेच म्हणून समजा.

१. हंगाम कोणता ते आधी ठरवा

फेब्रुवारी-मार्चचं वादळ वेगळं, मे महिन्याचं वेगळं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा, जातो, वर गार हवा असते, खाली बंगालच्या उपसागरावरून ओल येते आणि ही दोन्ही विदर्भावर भेटली की गारपीट. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च आणि २०१८ चा फेब्रुवारी कोणी विसरलं नसेल. या दिवसांत वरचे वारे जोरात असल्यानं वादळ जास्त वेळ टिकतं आणि दिसायलाही सगळ्यात देखणं असतं.

एप्रिल-मे म्हणजे वावधन. धूळ, वारा, टिनं उडणं, झाडं मोडणं, आणि पाऊस म्हणाल तर कधी कधी चार थेंब. जूनच्या सुरुवातीला, म्हणजे मृगाच्या आगेमागे, ओल वाढते, ढग खाली येतात, विजा भरपूर. मग मान्सून बसला की आभाळ सरसकट भरून जातं, झड लागते, त्यात पाहण्यासारखं फार काही नसतं, घरी बसून भजी खा. परतीच्या पावसात, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, पुन्हा एकेकटे मोठे ढग उभे राहतात. नवख्यांसाठी मला हा काळ सगळ्यात बरा वाटतो, धूळ कमी, हवा स्वच्छ, ५०-६० किलोमीटरवरचा ढग मुळापासून शेंड्यापर्यंत दिसतो.

२. सकाळी काय पाहायचं

दिवस निवडणं हीच अर्धी लढाई. दुपारी आभाळ पाहून निघणारा नेहमी उशिरा पोचतो.

आधी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा पाहा. पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात. पिवळा आहे म्हणून जाऊ नये असं नाही, पण लाल असला तर नवख्यानं घरातून पाहावं, त्यावर मी वाद घालत नाही. बुलेटिनमध्ये "द्रोणीय रेषा विदर्भातून कर्नाटक, तमिळनाडूपर्यंत" अशा अर्थाची ओळ दिसली तर कान टवकारा. द्रोणीय रेषा म्हणजे कमी दाबाचा लांब, अरुंद पट्टा. या रेषेच्या पूर्वेला ओलसर हवा आणि पश्चिमेला कोरडी असते, आणि ढग बहुतेक वेळा तिच्या आसपासच फुटतात.

मग विंडी या हवामानाचे नकाशे दाखवणाऱ्या साइटवर जा. तिथं केप नावाचा थर आहे, हवेत वर जायला किती ताकद साठलीय ते सांगणारा. १००० च्या खाली असेल तर फार आशा नको, २००० च्या वर असेल तर लक्ष ठेवा. पण पोरं इथंच फसतात. मे महिन्यात केप लाल-जांभळा दिसतो आणि दिवसभर आभाळात एक ढग नसतो, कारण वर गरम हवेचं झाकण बसलेलं असतं. ते झाकण फोडायला काहीतरी लागतं, ती रेषा, सातपुड्याचा चढ, नाहीतर शेजारच्या वादळातून सुटलेला गार वारा. नुसता रंग पाहून गाडी काढू नका.

जरा खोलात जायचं असेल तर नागपूरहून हवामानाचा फुगा सोडतात त्याचा सकाळी साडेपाचचा आलेख वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर फुकट मिळतो, स्टेशन नंबर ४२८६७. पहिले काही दिवस काहीच कळणार नाही, रोज पाहत राहा, कळायला लागतं.

आणि दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की दव धरायला लागतं ते तापमान. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल. हवेचं तापमान वजा दवबिंदू, आणि जो फरक येईल त्याला सव्वाशेनं गुणा, ढगाचं बूड साधारण तेवढ्या मीटरवर असणार. मे मध्ये ४२ अंश तापमान आणि दवबिंदू १७ असेल तर फरक २५, म्हणजे बूड तीन किलोमीटरच्याही वर. एवढ्या उंचीवरून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो, आटताना हवा गार करतो, आणि ती गार जड हवा धाडकन खाली आदळून चारी बाजूला पसरते. "पाऊस तर पडलाच नाही, मग टिनं कशी उडाली" याचं उत्तर हे आहे. तेच मार्चमध्ये तापमान ३४ आणि दवबिंदू १९ असला तर बूड दोन किलोमीटरच्या आत. ढग भरलेला, पाऊस-गारा खालपर्यंत पोचणार. म्हणजे घरून निघायच्या आधीच तुम्हाला कळतं की आज धूळ पाहायचीय की गारा.

एक सापळा: रडार आणि उपग्रहाच्या बऱ्याच इमेजवर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०९:३० लिहिलंय म्हणजे दुपारचे ३. "भाऊ, हे तर सकाळचं रडार आहे" म्हणून ताजी इमेज बंद करणारे लोक मी पाहिलेत.

३. जागा आधीच शोधून ठेवा, वादळाच्या दिवशी नाही

एखाद्या साध्या रविवारी फिरून जागा हेरून या. काय हवंय: पश्चिमेचं आणि उत्तरेचं आभाळ मोकळं, पक्कं छत चालत दोन मिनिटांवर, आणि डांबरी रस्ता असा की दोन्हीकडं निघता येईल. पुढं रस्ताच संपतो असलं गाव नको.

क्षितिजासाठी माझ्या मते पूर्णेचा सपाट पट्टा एक नंबर, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूचा, जमिनीतलं पाणी खारं असलेला खारपाणपट्टा. उत्तरेला सातपुड्याची रेघ दिसते आणि त्यावर दुपारपासून ढग चढताना दिसतात, अर्धा खेळ बसल्या जागी. वर्धा, हिंगणघाटकडंही मोकळं आहे. यवतमाळ, पुसदकडं टेकड्या आड येतात. गोंदिया, गडचिरोली, ताडोब्याच्या आजूबाजूला जंगल, ढग डोक्यावर येईपर्यंत दिसतच नाही, वरून झाडं आडवी पडतात आणि रेंज जाते. मेळघाटात वादळ पाहायला जाऊ नका. चिखलदऱ्याच्या पॉइंटवरून लांबचं वादळ छान दिसतं हे खरं, पण ते जवळ आलं की तुम्हीच तिथली सगळ्यात उंच वस्तू असता.

समृद्धी महामार्गावर थांबून फोटो काढायचा मोह होतो कारण आभाळ मोकळं आणि रस्ता उंच. तिथं असं थांबायची परवानगी नाही, दुचाकीला तर प्रवेशच नाही, आणि १२० नं येणाऱ्या गाडीला धुळीत तुम्ही दिसणार नाही. फाट्यावरून खाली उतरा, एखादा पेट्रोल पंप किंवा धाबा पाहा.

काळ्या मातीत गाडी घालू नका. हे मी पुन्हा लिहितो, काळ्या मातीत गाडी घालू नका. पांदण रस्ता कोरडा असताना मस्त दिसतो, दहा मिनिटं पाऊस झाला की चिखल मडगार्डात भरून चाकच फिरत नाही, आणि तुम्ही उघड्या वावरात, वर ढग. तसंच येताना ओलांडलेला नाल्यावरचा रपटा परत जाताना पाण्याखाली असू शकतो. पाणी वाहत असेल तर घोटाभर का असेना, थांबा.

४. सोबत काय काय

कागद: लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, फोनमध्ये डिजिलॉकरला असले तरी चालतात पण बॅटरी संपली तर काय, म्हणून झेरॉक्स ठेवा. आधार. ड्रोन घरी ठेवा, नियमांच्या भानगडी वेगळ्या आणि असल्या वाऱ्यात तो परतही येत नाही.

सामान: भरपूर पाणी (मे मध्ये वादळाच्या आधीचे चार तास तुम्ही ४३-४४ अंशांत असणार, उन्हानं आडवं व्हायची शक्यता विजेपेक्षा जास्त), दुपट्टा, डोळ्याला चष्मा, पॉवर बँक, टॉर्च, ऑफलाइन नकाशा, प्रथमोपचार, फोन-कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकच्या जाड पिशव्या, दोरी, जुनं ब्लँकेट. ब्लँकेट गारांसाठी, गाडीत बसल्यावर काच फुटली तर अंगावर घ्यायला. पेट्रोल निघतानाच फुल करा, लाइन गेली की गावातला पंप बंद पडतो.

फोनमध्ये दामिनी अॅप हवंच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलंय, तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज कुठं पडली ते दाखवतं. घरी एका माणसाला सांगून निघा की कोणत्या गावाला आणि कितीला परत. नंबर: ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७.

दुचाकीवर जायचं का? सगळेच विचारतात कारण सगळ्यांकडं तीच आहे. माझं उत्तर नाही. बंद चारचाकी नसेल तर वादळाच्या वाटेवरच्या एखाद्या गावात नातेवाइकाच्या स्लॅबच्या घरी दुपारी दोनलाच जाऊन बसा, आणि दारातून नाही तर खिडकीच्या आतून पाहा. यात कमीपणा काही नाही, चांगले चांगले फोटो असेच निघतात.

५. निघाल्यावर उभं कुठं राहायचं

साधारण एक ते तीनच्या दरम्यान पहिले ढग फुटतात. आता नागपूरचं डॉप्लर रडार उघडा आणि लागोपाठच्या तीन-चार इमेज पाहून ढग कुठून कुठं सरकतायत ते काढा. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेला किंवा वायव्येकडून आग्नेयेला, पण गृहीत धरू नका, जूनमध्ये उलटंही चालतात.

रडारबद्दल दोन गोष्टी. एक, इमेज हातात येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जुनी झालेली असते, तेवढ्यात वादळ पाच-दहा किलोमीटर पुढं आलेलं असतं. दोन, पृथ्वी गोल आहे. नागपूरपासून अकोला-बुलढाण्याकडं जाल तसा रडारचा झोत जमिनीपासून वर वर जातो, अकोल्याशी तो चार-पाच किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे खाली काय चाललंय ते दिसतच नाही. तिकडच्या लोकांनी उपग्रहाची इमेज, दामिनी आणि स्वतःचे डोळे यावर जास्त भरवसा ठेवावा. रडारवर ५० डीबीझेडच्या (ढगातून रडारकडं किती जोरात झोत परततो त्याचं माप) वरचे लाल ठिपके दिसले की तिथं गारा असू शकतात असं समजून चाला.

उभं राहायचं वादळाच्या वाटेच्या बाजूला, बहुतेक वेळा दक्षिणेला, मधोमध समोर नाही. बाजूनं ढगाचा पूर्ण आकार दिसतो, आणि ते तुमच्याकडं वळलं तर दक्षिणेला निघता येतं. गाडी निघायच्या दिशेला तोंड करून लावा, चावी खिशात. पावसाच्या पडद्यात शिरून पलीकडं जायचा प्रयत्न करू नका. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात टिम सॅमारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघं टॉर्नेडोत, म्हणजे ढगातून जमिनीला टेकलेल्या गरगरत्या वाऱ्याच्या सोंडेत, गेले. सॅमारास तिकडचे अत्यंत अनुभवी आणि सावध समजले जाणारे अभ्यासक होते. त्या वादळानं दिशा बदलली आणि काही मिनिटांत ते प्रचंड रुंद झालं. आपल्याकडं तसले टॉर्नेडो फार क्वचित, पण दिशा बदलणं आणि अचानक पसरणं आपलीही वादळं करतात.

६. आता पाहा

याच्यासाठी तर आलो आपण.

सुरुवातीला ढगाच्या कडा पाहा. फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या टणक, धारदार कडा असतील तर तो वाढतोय. कडा विस्कटल्या, धूसर झाल्या की वरचं पाणी गोठायला लागलं. मग माथा वर अडतो, बारा-पंधरा किलोमीटरवर, आणि सपाट पसरतो, त्याला ऐरण म्हणतात. ऐरण ज्या दिशेला लांब गेली ती वरच्या वाऱ्याची दिशा. मे मध्ये वरचा वारा मंद असतो, तेव्हा एकटा ढग उभा राहतो, बरसतो आणि तासाभरात स्वतःच्याच पावसानं बसतो. वाईट वाटून घेऊ नका, त्यातून सुटलेल्या वाऱ्यावर शेजारी दुसरा उठतो, त्याच्याकडं पाहा.

जवळ आलं की वाऱ्याकडं लक्ष द्या. आधी गरम वारा तुमच्या पाठीकडून ढगाकडं ओढला जातो. मग एकदम पडतो. पान हलत नाही, कावळे-बगळे खाली येतात. याच वेळी पश्चिमेला जमिनीलगत एक लांब, काळसर, थराथरांची कड दिसू शकते, तो शेल्फ क्लाउड. त्याच्याखाली मे मध्ये मातकट भिंत चालत येते, मार्चमध्ये हिरवट-निळा अंधार. ती कड डोक्यावरून गेली की गार वारा तोंडावर आदळतो आणि काही मिनिटांत तापमान दहा-दहा अंशांनी उतरतं. वारा पडला त्या क्षणीच गाडीत किंवा घरात असा, कड पाहत बाहेर थांबू नका. आतून दिसते तेवढीच छान.

आणि आता ती गोष्ट जी नव्वद टक्के लोक चुकवतात, कारण पाऊस थांबला की ते घरी निघतात. वादळ पूर्वेला गेलं, इकडं पश्चिमेला सूर्य मोकळा झाला, आता सगळा उजेड त्या जाणाऱ्या ढगावर पडतो. ऐरणीच्या खालून गोल गोल पिशव्या लोंबतात, त्यांना मॅमॅटस म्हणतात, संध्याकाळी साडेसहाला त्या आधी पिवळ्या, मग केशरी, मग वांग्याच्या रंगाच्या होतात. पूर्वेला इंद्रधनुष्य, त्यात मधेच वीज. आख्ख्या वादळात यापेक्षा सुंदर काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पाहा, पण आतूनच, कारण पुढचा मुद्दा.

७. वीज

चमकली की मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच. पाऊस नसताना, डोक्यावर निळं आभाळ असतानाही वीज ढगापासून दहा किलोमीटरवर येऊन पडते, म्हणून मागच्या मुद्द्यात आतूनच म्हटलं.

आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा लावलेली टपाची चारचाकी. निंबाचं झाड, बाभूळ, वावरातली झोपडी, मचाण, टिनाचा उघडा कोठा, एसटीचा तीन भिंतींचा निवारा, ट्रॅक्टर, फटफटी, यातलं काहीही आसरा नाही. तारेच्या कुंपणापासून, मोटरपंपापासून लांब. घराच्या गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

कोणावर पडलीच तर त्याला हात लावल्यानं शॉक बसत नाही. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरू करा आणि १०८ ला फोन. शेणात पुरणं वगैरे कोणी सुचवेल, तेवढ्यात जीव जातो.

८. फोटो

थोडक्यात सांगतो. रात्री विजेसाठी मोबाइलच्या प्रो मोडला आयएसओ १००, शटर ८-१० सेकंद, फोकस मॅन्युअल करून अनंतावर, फोन गाडीच्या डॅशबोर्डवर टेकवून ठेवा आणि एकामागून एक काढत राहा. दिवसा व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम उचला. खाली थोडं वावर, एखादं झाड येऊ द्या, नुसता ढग किती मोठा ते फोटोत कळत नाही. झूम नको.

९. गावात कसं वागायचं

तुम्ही ज्या धुऱ्याजवळ गाडी लावता तिथं कोणाचा तरी गहू उभा असतो, हरभऱ्याची गंजी लागलेली असते, वरुड-मोर्शीकडं असाल तर संत्र्याला आंबिया बहार असतो. "काऊन बावा, का पाहून राहिला?" असं विचारलं तर खरं सांगा, ढग पाहतोय म्हणून. कोणी हसेल, कोणी चहा पाजेल. पण गारा पडत असताना त्याच्यासमोर "मस्त" म्हणू नका. वादळ लांब असेल आणि तो ताडपत्री ओढत असेल तर कॅमेरा ठेवून दुसरं टोक धरा. रडारवर काही दिसत असेल तर गावात सांगा, अर्धा तास आधी कळलं तरी जनावरं आत येतात, माणसं वावरातून घरी येतात. "पडणारच" असं मात्र छातीठोक सांगू नका, "येऊ शकते" एवढंच.

गारांचा फोटो काढाल तर बाजूला नाणं ठेवून काढा, तारीख-वेळ-गाव लिहा आणि तो फोटो त्या कास्तकाराच्या फोनवर टाका, तलाठी पंचनाम्याला आल्यावर दाखवायला त्याच्याकडं काहीतरी राहतं. मागच्या वर्षीचा व्हिडिओ "आत्ताचं अमरावती" म्हणून फिरवणारे लोक आहेत, त्यांच्यात जाऊ नका.

१०. परतताना

अंधार, आडवी झाडं, आणि ओल्या रस्त्यावर पडलेल्या तारा. तार मेलेली दिसली तरी जिवंत समजा, गाडी मागं घ्या, येणाऱ्यांना थांबवा, महावितरणला कळवा. लाइन गेलेली असल्यानं रस्त्यावर उभी जनावरं दिसत नाहीत, ४० च्या वर जाऊ नका. घाई वाटत असेल तर धाब्यावर थांबा, तिथं अजून दोघं-तिघं भिजलेले भेटतील आणि कोणाच्या गावात काय झालं ते तिथंच कळतं, ते वहीत लिहून घ्या: किती वाजता वारा आला, कोणत्या दिशेनं, गार केवढी. सकाळी जो दवबिंदू आणि केप पाहिला होता तो त्याच पानावर लिहा, पुढच्या मार्चला उपयोगी पडतं.